गोगलगाय अन् पोटात पाय

ही म्हण आपण वरून साध्या दिसणाऱ्या लबाड माणसाला लावतो. पण गोगलगाईच्या शरीररचनेचंही ते अगदी नेमकं वर्णन आहे. तिला वेगळे पाय नसतातच. पोटाखालचा रुंद स्नायू हाच तिचा पाय. म्हणून शास्त्रात तिच्या वर्गाला 'उदरपाद' म्हणतात. शिंपला आणि समुद्रातला ऑक्टोपस ही तिचीच भावकी, मृदुकाय प्राण्यांची. ती कीटक नव्हे. सोयाबीन खाल्लं की आपण दुकानातून अळीचं औषध आणून फवारतो. त्याने गोगलगाय मरत नाही, पैसा मात्र जातो.

२०२२ च्या खरिपात लातूर, बीड, धाराशिवमध्ये गोगलगाईंनी सोयाबीनची कोवळी रोपं फस्त केली. अनेकांना दुबार पेरणी करावी लागली, शासनाला मदत जाहीर करावी लागली. आपल्या उमरखेडकडून पैनगंगा ओलांडली की मराठवाडाच. तेव्हा ते दुखणं दूरचं समजू नका.

ही मोठी शंखी गोगलगाय मूळची पूर्व आफ्रिकेतली. १८४७ मध्ये विल्यम बेन्सन नावाच्या साहेबाने मॉरिशसहून जिवंत गोगलगाई आणून कलकत्त्यात मित्राकडे ठेवल्या, अन् त्या मित्राने त्या बागेत सोडल्या. हौस एकाची, भोग साऱ्यांना!

तिच्या जिभेवर कानशीसारखे हजारो बारीक दात असतात. पान ती खरवडून खाते. डोक्यावर शिंगांच्या दोन जोड्या, त्यातल्या लांब जोडीच्या टोकाला डोळे. अंग सदा ओलं लागतं, म्हणून दिवसा ती दगड, पालापाचोळा नाहीतर धुऱ्यावरच्या गवताखाली दडते आणि रात्री निघते. उन्हाळ्यात जमिनीत शिरून शंखाचं तोंड पांढऱ्या पापुद्र्याने बंद करते अन् महिनोन्‌महिने निजून राहते. एकाच गोगलगाईत नर-मादी दोन्ही अवयव असतात. जोडी जमली की दोघीही अंडी घालू शकतात, एका खेपेला शंभराच्या वर. मातीत साबुदाण्यासारखी पांढुरकी अंडी दिसली तर समजा तीच.

म्हणून खरी संधी पहिल्या पावसानंतरची, अंडी घालण्याआधीची. बारदाना गुळाच्या पाण्यात भिजवून संध्याकाळी धुऱ्याजवळ अंथरा. सकाळी उन्हं चढायच्या आत खाली जमलेल्या गोगलगाई वेचा आणि साबणाच्या पाण्यात बुडवून मारा. मीठ वावरात टाकू नका, जमीन बिघडते. एकट्याच्या वेचण्याने भागत नाही. शेजाऱ्याच्या धुऱ्यावरून त्या पुन्हा येतात. साऱ्या शिवाराने एकाच आठवड्यात वेचाव्या. शेणखत, रोपं बाहेरून आणता तेव्हा त्यातही पाहत जा, कारण लांबचा प्रवास ती स्वतःच्या पोटावर करत नाही.

प्रादुर्भाव फारच असला तर मेटाल्डिहाईड दोन टक्के गोळ्या एकरी दोन किलो, संध्याकाळी, झाडांच्या ओळींमध्ये. या गोळ्या कुत्रं, कोंबडी, जनावर यांनाही विषारी आहेत. त्यांना तिकडे फिरकू देऊ नका.

वेचताना हातात मोजे, नाहीतर निदान प्लास्टिकची पिशवी घाला. या गोगलगाईच्या अंगात माणसाच्या मेंदूला सूज आणणारा जंत असू शकतो. लेकरांना वेचायला लावू नका. मेलेल्या गोगलगाई उकिरड्यावर न टाकता खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा.