चेखवची कात्री

मॉस्कोत वैद्यकी शिकणारा अंतोन चेखव १८८० पासून विनोदी साप्ताहिकांसाठी गोष्टी लिहू लागला, तो घरखर्च भागवण्यासाठी. ओळीमागे काही कोपेक मिळत. पुढे पीटर्सबर्गच्या ‘ओस्कोल्की’चा संपादक निकोलाय लेयकिन याने अट घातली, की गोष्ट शंभरेक ओळींत बसली पाहिजे. चेखव पत्रांतून कुरकुर करी, पण लिहीत राही. (शब्दमर्यादा कळवणाऱ्या दिवाळी अंकाच्या संपादकावर चिडणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवायला हरकत नाही.) एवढ्याशा जागेत पात्रांची कुळकथा सांगणार कुठे? माणूस बोलण्या-वागण्यातूनच कळावा लागे.

मात्र आखूड गोष्ट चांगली असतेच असे नाही. ‘लठ्ठ आणि लुकडा’ ही कथा पाहा. १८८३ मध्ये ती प्रथम छापून आली. दोन शाळासोबती कित्येक वर्षांनी रेल्वे स्टेशनवर भेटतात, गळामिठी होते, लुकडा बायको-मुलाची ओळख करून देतो. या पहिल्या पाठात लुकड्याची नेमणूक लठ्ठाच्याच हाताखाली झालेली असते. आपला साहेब हाच, हे कळल्यावर त्याची बोबडी वळते.

१८८६ च्या संग्रहासाठी चेखवने नेमका हा दुवा उडवला. आता लठ्ठ लुकड्याचा साहेब नाही. तो फक्त फार वरच्या हुद्द्यावर पोचलेला आहे. भिण्याचे काही कारण उरलेले नाही, तरीही हुद्दा ऐकताच लुकडा पांढराफटक पडतो, वाकतो आणि जुन्या मित्राला ‘हुजूर’ म्हणू लागतो. पहिल्या पाठात नोकरीची भीती दिसते. दुसऱ्यात हाडीमाशी खिळलेली लाचारी. कथेचे तंत्र शिकवणाऱ्या जाडजूड पुस्तकांपेक्षा हे दोन पाठ शेजारी ठेवून वाचणे अधिक उपयोगाचे आहे.

त्याच वर्षी मार्चमध्ये बुजुर्ग कादंबरीकार ग्रिगोरोविचने चेखवला पत्र लिहून घाईचे लेखन सोडायला सांगितले. चेखवने उत्तरात कबूल केले, की एकाही कथेवर आपण दिवसाहून जास्त वेळ घालवलेला आठवत नाही. तुम्हाला आवडलेली कथा तर न्हाणीघरात लिहिली! त्या वर्षी त्याच्या शंभराहून अधिक लहानमोठ्या गोष्टी आल्या. १८८८ मध्ये जेमतेम डझनभर, पण त्यांत ‘स्तेप’ ही दीर्घकथा होती.

मे १८८६ मध्ये थोरल्या भावाला त्याने चांदण्या रात्रीची युक्ती सांगितली. सगळे वर्णन करू नकोस. बंधाऱ्यावर फुटक्या बाटलीची काच चमकू दे, कुत्र्याची नाहीतर लांडग्याची काळी सावली सरकू दे, रात्र वाचकाला दिसेल. हीच चमकती बाटली दहा वर्षांनी ‘सीगल’ नाटकात आली. तिथे एक धडपडणारा तरुण लेखक कुढतो, की मुरलेल्या लेखकाचे असल्या ठरीव हातखंड्यांवर भागते. आपल्याच युक्तीची चेखवने घेतलेली ही फिरकी.

१८९९ मध्ये प्रकाशक मार्क्सने ७५ हजार रुबलांना त्याच्या साहित्याचे हक्क घेतले. क्षयाने खंगत चाललेला चेखव समग्र आवृत्तीसाठी जुन्या गोष्टी तपासायला बसला. कित्येक त्याने नव्याने लिहिल्या, कित्येक सरळ वगळल्या. १९०४ मध्ये तो वारला आणि पुढच्या संपादकांनी वगळलेल्या गोष्टीही गोळा करून छापल्या. त्यातल्या बऱ्याचशा वाचल्यावर चेखवचाच निर्णय बरोबर वाटतो.