भाऊ, यादीतलं पहिलं काम कोणतं?

समजा, सकाळी अंबडच्या बसस्टँडवर दोन मित्र भेटले. एक वडीगोद्रीकडून एसटीनं आलाय, दुसरा अंबड शहरातलाच. दोघांचं कॉलेज एक, बेंच एक, क्रिकेटची टीमही एकच. बुधवारी, २० नोव्हेंबर २०२४ ला दोघंही आयुष्यातलं पहिलं मतदान करणार होते. पण दोघांच्या मतदान यंत्रावर उमेदवारांची नावं वेगवेगळी असणार होती.

कारण वडीगोद्री येते घनसावंगी मतदारसंघात आणि अंबड शहर येतं बदनापूर मतदारसंघात. बरं, गोष्ट इथंच थांबत नाही. घनसावंगी विधानसभा परभणी लोकसभेला जोडलेली आहे, तर बदनापूर जालना लोकसभेला. म्हणजे एका तालुक्याला दोन आमदार आणि दोन खासदार! २००८ च्या पुनर्रचनेआधी विधानसभेच्या यादीत 'अंबड' नावाचा मतदारसंघ होता. आता तालुका आहे, तहसील आहे, पण त्या नावाची जागा नाही.

दोन आमदार म्हणजे दुप्पट काम, असं वाटू शकतं. पण 'ते आमच्याकडं येत नाही, तिकडं विचारा' असं म्हणायलाही दोघांना जागा मिळते. म्हणून अंबडच्या पोरापोरींनी उमेदवाराला एक प्रश्न जरा जास्तच ठासून विचारायला हवा: भाऊ, तुमच्या यादीतलं पहिलं काम कोणतं?

गॅरंटी मोठ्या, गाव कुठंय?

२०२४ च्या प्रचारात मोबाइलवर पाऊस पडला तो गॅरंट्यांचा. महायुती म्हणाली, लाडक्या बहिणीचे १५०० चे २१०० करू, १० लाख विद्यार्थ्यांना महिन्याला १० हजार विद्यावेतन देऊ. महाविकास आघाडी म्हणाली, महिलांना ३ हजार आणि मोफत बस प्रवास, बेरोजगार तरुणांना महिन्याला ४ हजार. दोन्हीकडचे जाहीरनामे १० नोव्हेंबर २०२४ ला आले. ते वाचायलाच हवेत. पण हा मुंबईत बसून लिहिलेला अख्ख्या राज्याचा हिशेब आहे. आपल्या दारात मत मागायला येणारा उमेदवार अंबडसाठी काय करणार, ते त्यात सापडत नाही.

ते सापडतं त्याच्या स्वतःच्या पत्रकात. त्यातही रस्ते, पाणी, वीज, रोजगार, शिक्षण, आरोग्य, सगळंच असतं. पण प्राधान्य म्हणजे क्रम. ज्या यादीत सगळंच पहिल्या नंबरवर आहे, त्या यादीत पहिला नंबर कुणालाच नाही. म्हणून त्या यादीतल्या प्रत्येक ओळीला आणखी दोन गोष्टी विचारायच्या. हे आमदाराच्या हातात आहे का? आणि झालं की नाही, ते आपल्याला कसं कळणार?

नळाचं पाणी आणि विधानभवन

पाण्यापासूनच सुरुवात करू. पैठणचा डावा कालवा आपल्या तालुक्यातून पुढं परभणीकडं जातो. जालना-अंबडच्या पिण्याच्या पाण्याची योजनाही जायकवाडीवरच आहे. २०२४ मध्ये नाथसागर भरला, दरवाजे उघडावे लागले, त्यामुळं पाण्याचा विषय प्रचारात जरा मागं पडला. पण २०२३ मध्ये काय झालं होतं, आठवा. पावसानं दगा दिला आणि ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीसाठी ८.६ टीएमसी पाणी सोडायचा आदेश निघाला. त्यावरून तिकडं आंदोलनं झाली, प्रकरण कोर्टात गेलं.

हा आदेश निघाला तो एका कायद्याच्या जोरावर. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायदा, साल २००५. समन्यायी पाणीवाटप हा शब्द आपण ऐकतो, त्याचं मूळ इथं आहे. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत जायकवाडीत वापराचं पाणी ६५ टक्क्यांच्या खाली असेल, तर वरच्या धरणांनी पाणी सोडायचं, असं त्याचं सूत्र ठरलेलं आहे. या सूत्राचा फेरआढावा घ्यायला २०२३ मध्ये अभ्यासगट नेमण्यात आला होता. सूत्र बदललं तर त्याचा परिणाम थेट आपल्या नळावर आणि कालव्याच्या शेवटच्या टोकावरच्या शेतावर होणार.

म्हणजे 'पाणी आणू' हे वाक्य पुरेसं नाही. खरा प्रश्न असा आहे: ६५ टक्क्यांचं सूत्र सभागृहात चर्चेला आलं, तर तुम्ही काय मांडणार? कालव्याचं आवर्तन कधी सोडायचं हे कालवा सल्लागार समितीत ठरतं आणि आमदार तिथं बसतात. त्या बैठकीत तुम्ही असणार का? हे दोन्ही आमदाराचंच काम आहे आणि ते तपासताही येतं.

जे हातात नाही, तेही सांगा

याच्या उलट उदाहरण घ्या भावाचं. सोयाबीनला सहा हजार की सात हजार, यावर २०२४ च्या प्रचारात बोली लागल्यासारखी भाषणं चालली. सोयाबीनचा २०२४-२५ चा हमीभाव होता ४,८९२ रुपये क्विंटल आणि तो ठरवतं केंद्र सरकार. उसाची एफआरपीसुद्धा केंद्रच ठरवतं. आमदार पाठपुरावा करू शकतो, राज्याकडून बोनस किंवा फरकाची रक्कम मागू शकतो, खरेदी केंद्र वेळेवर सुरू व्हावं म्हणून भांडू शकतो. पण 'भाव मी देतो' असं एकटा आमदार म्हणू शकत नाही.

मोसंबीचं वेगळं. जालना मोसंबीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पण मानांकन मिळालं म्हणून फळगळ थांबत नाही आणि भावही आपोआप वाढत नाही. शीतगृह, रसाचा कारखाना, प्रतवारी केंद्र यासाठी राज्याच्या योजना आणि जागा लागते. इथं आमदाराचा हात पोचतो. घरची बाग असून बी.एस्सी. करणाऱ्या पोराला संभाजीनगर-पुण्याला जावं लागू नये, असं वाटत असेल, तर प्रश्न इथं विचारायला हवा.

पैशाचं गणित

'आमदार निधीतून करू' हेही वाक्य फार चालतं. आमदार निधी वर्षाला ५ कोटी आहे. रक्कम मोठी वाटते, पण तीन लाखांवर मतदार धरून भागाकार करून बघा. दर मतदारामागं वर्षाला पावणेदोनशे रुपयेही येत नाहीत. या पैशात सभामंडप होतो, छोटा रस्ता होतो, अभ्यासिका होऊ शकते. एमआयडीसी होत नाही, पाणीपुरवठा योजना होत नाही. मोठी कामं येतात राज्याच्या बजेटमधून. तिथं नाव घालायचं तर अधिवेशनात बोलावं लागतं: तारांकित प्रश्न, लक्षवेधी, कपात सूचना.

चांगलं प्राधान्य कसं असतं, याचं एक साधं उदाहरण बघू. एसटीत मुलींना बारावीपर्यंत मोफत पास मिळतो. योजनेला नाव आहे अहिल्याबाई होळकरांचं, ज्यांच्या काळाची आठवण सांगणारी बारव आपल्या अंबडमध्ये आहे. पण मुलगी बारावी पास होऊन एफ.वाय.ला आली, की मोफत पास बंद. मग सवलतीचा पास काढायचा आणि घरात पैशाची ओढाताण असेल, तर कॉलेजच्या फेऱ्या कमी करायच्या. ही सवलत पदवीपर्यंत न्यायची असेल तर निर्णय राज्य सरकारचा आहे, खर्च मोजता येतो आणि झालं की नाही ते पहिल्याच महिन्यात बसमध्ये कळतं. ज्या उमेदवाराच्या यादीत अशी एक तरी ओळ आहे, त्यानं घरचा अभ्यास केलाय असं समजा.

सगळ्यात अवघड ओळ

अंबडमध्ये निवडणुकीबद्दल लिहायचं आणि आरक्षणाबद्दल गप्प बसायचं, असं चालणार नाही. २९ ऑगस्ट २०२३ ला अंतरवाली सराटीत मनोज जरांगे पाटलांचं उपोषण सुरू झालं, १ सप्टेंबरला लाठीमार झाला आणि आपला तालुका देशभर माहीत झाला. जून २०२४ मध्ये जवळच वडीगोद्रीत लक्ष्मण हाके ओबीसींच्या मागणीसाठी उपोषणाला बसले. ४ नोव्हेंबर २०२४ ला जरांगेंनी उमेदवार न देण्याचा निर्णय जाहीर केला आणि सगळ्यांची गणितं पुन्हा बदलली.

या दोन्ही मंडपांत आपल्याच वर्गातली पोरं होती. दोघांनाही हवी आहे फी परवडणारी सीट आणि शिक्षण झाल्यावर नोकरी. २० फेब्रुवारी २०२४ ला विधानसभेनं मराठा समाजाला १० टक्के आरक्षण देणारा कायदा एकमतानं केला. याआधी २०१८ मध्ये केलेला कायदा सुप्रीम कोर्टानं ५ मे २०२१ ला रद्द केला होता. तेव्हा उमेदवाराला 'तुम्ही कुणाच्या बाजूचे' एवढंच विचारू नका. नवा कायदा कोर्टात टिकावा म्हणून सभागृहात काय मागणार? ओबीसींच्या जागांना धक्का लागणार नाही, हे कसं बघणार? आणि दोन्हीकडच्या पोरांसाठी जागा वाढाव्यात, वसतिगृहं व्हावीत, रखडलेली भरती निघावी म्हणून काय करणार? याचं उत्तर बेंचच्या दोन्ही बाजूंना सारखंच देता आलं पाहिजे.

प्रचाराला आले की विचारा

• तुमच्या यादीतलं पहिलं काम कोणतं आणि दुसरं का नाही?
• ते आमदाराच्या अधिकारात आहे, की नगरपालिका, झेडपी किंवा केंद्राच्या?
• पैसा आमदार निधीतून, की राज्याच्या बजेटमधून?
• पहिल्या वर्षी त्यातलं काय दिसेल?
• शेजारच्या मतदारसंघाच्या आमदारासोबत अंबडची कोणती कामं मिळून कराल?

'आपल्या एका मतानं काय होतंय' असं वाटत असेल, तर एक आकडा लक्षात ठेवा. २०१९ ला घनसावंगीचा निकाल लागला तो ३,४०९ मतांनी. तालुक्यातल्या कॉलेजांच्या मस्टरवरची नावं मोजायला घेतली तर हा आकडा फार लांब नाही.

उमेदवाराचं पत्रक घरी येईल, तेव्हा त्यात भजी बांधायच्या आधी एक फोटो काढून ठेवा. उमेदवाराचं शपथपत्र निवडणूक आयोगाच्या साइटवर आहे, त्याचाही स्क्रीनशॉट घ्या. विधिमंडळात कुणी काय प्रश्न विचारले, तेही ऑनलाइन बघता येतं. पुढच्या वर्षी याच नोव्हेंबरमध्ये बसस्टँडवर ते दोन मित्र भेटतील, तेव्हा दोघांनी आपापल्या मोबाइलमधला फोटो काढावा आणि पहिल्या ओळीवर टिक करता येते का, ते बघावं.