नेट गेलं तरी फाइल जाते

डहाणू-तलासरीत फायबर तुटलं की एक वाक्य हमखास कानावर येतं, “नेट नाही, फाइल पाठवता येणार नाही.” एखाद्या सेवा केंद्रात दोन कॉम्प्युटर एकाच टेबलावर असतात. एकावर कागदपत्रं स्कॅन करून ठेवलेली, दुसऱ्याला प्रिंटर जोडलेला, मधलं अंतर हातभर. तरी सायवनहून किंवा उधव्याहून जीपने आलेल्या माणसाला सांगतात, उद्या या. अर्ज ऑनलाइन भरायला नेट लागतं, हे मान्य. पण तयार असलेला कागद शेजारच्या कॉम्प्युटरवर नेऊन छापायला ते लागत नाही. त्या माणसाचा रोज बुडतो, भाडं जातं आणि वर कारणही चुकीचं. सांगणारा मुद्दाम फसवत नसतो. त्याची समजूतच तशी असते, आणि एमएस-सीआयटी पूर्ण केलेल्या मुलांकडूनही मी तीच ऐकत आलो आहे. म्हणून एकदा नीट सांगतो.

घरातलं नेटवर्क वेगळं आणि इंटरनेट वेगळं. राउटर नावाच्या डब्यात दोन कामं एकत्र केलेली असतात. पहिलं काम घरातली यंत्रं एकमेकांना जोडण्याचं. लॅपटॉप, मोबाइल, प्रिंटर, टीव्ही या प्रत्येकाला राउटर एक नंबर देतो आणि एकाने पाठवलेलं दुसऱ्यापर्यंत पोहोचवतो. दुसरं काम या सगळ्यांना बाहेरच्या तारेतून इंटरनेटशी जोडण्याचं. रस्त्याच्या खोदकामात फायबर तुटलं की दुसरं काम थांबतं. पहिलं चालूच राहतं, कारण त्याला फक्त वीज हवी असते. समोरच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवरून आतल्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर फाइल पाठवली, तर ती राउटरपर्यंत जाते आणि तिथूनच वळते, घराबाहेर पडतच नाही. डहाणू गावातून मसोलीला जायला कुणी आधी विरार गाठत नाही.

घोटाळा होतो तो डब्यावरच्या दिव्यांमुळे. फायबर तुटलं की ‘एलओएस’चा लाल दिवा लुकलुकतो. कॉम्प्युटरवर वाय-फायच्या चिन्हापाशी ‘नो इंटरनेट’ असं येतं. मग माणसं काय करतात, तर वाय-फाय बंद करतात, पुष्कळदा राउटरचं बटणच बंद करतात. म्हणजे चालू असलेलं घरचं नेटवर्क स्वतःच्या हाताने तोडतात आणि मग म्हणतात, बघा, जात नाही. तो लाल दिवा फक्त बाहेरच्या तारेबद्दल बोलतो. मोबाइलही अशा वेळी विचारतो, या वाय-फायला इंटरनेट नाही, तरी जोडलेलं राहायचं का? तिथे ‘हो’ म्हणायचं. नाही म्हटलं तर तो मुकाट्याने मोबाइल डेटावर जातो आणि घरातल्या यंत्रांशी त्याचा संबंध सुटतो.

माझ्या शब्दावर विश्वास ठेवायची गरज नाही. राउटरला येणारी बाहेरची तार काढा आणि घरातल्या दोन कॉम्प्युटरांत फाइल पाठवून पाहा. कागदावरचा पुरावा हवा असेल तर इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेचा ‘आरएफसी १९१८’ हा फेब्रुवारी १९९६ चा दस्तऐवज आहे. त्यात १९२.१६८ ने सुरू होणारे, १० ने सुरू होणारे आणि १७२.१६ ते १७२.३१ मधले नंबर खासगी जाळ्यांसाठी राखून ठेवले आहेत. तुमच्या राउटरने लॅपटॉपला दिलेला १९२.१६८.१.५ सारखा नंबर त्यातलाच. हे नंबर इंटरनेटवर चालतच नाहीत, ते फक्त घरात किंवा कार्यालयात वापरायचे.

इतिहासही हेच सांगतो. कॉम्प्युटर तारेने जोडण्याची इथरनेट ही पद्धत रॉबर्ट मेटकाफ यांनी १९७३ मध्ये झेरॉक्सच्या कॅलिफोर्नियातल्या संशोधन केंद्रात मांडली. भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगमकडून. त्याआधीही आपल्याकडच्या कार्यालयांत कॉम्प्युटर एकमेकांना जोडलेले असायचे आणि फाइली इकडून तिकडे जायच्या.

आपल्या जवळचं उदाहरण रायगड जिल्ह्यातलं. कर्जतजवळच्या खैरात धनगरपाड्याच्या एकशिक्षकी शाळेत २००७ मध्ये ‘मुलामागे एक लॅपटॉप’ या जागतिक योजनेचा भारतातला प्रयोग सुरू झाला. त्या हिरव्या-पांढऱ्या एक्सओ लॅपटॉपांची रचनाच अशी होती, की ते राउटरशिवाय थेट एकमेकांशी वायरलेस जाळं विणू शकत, म्हणजे एकाने लिहिलेलं दुसऱ्याला दिसायला बाहेरच्या जोडणीची गरज नव्हती. इंटरनेट नसलेल्या पाड्यांतल्या मुलांनाही एकमेकांशी जोडता यावं, हाच त्यामागचा विचार होता.

बाहेरची जोडणी गावात आणणं हा निराळा आणि अवघड प्रश्न आहे. त्यासाठी आयआयटी मुंबईच्या ‘ग्राम मार्ग’ प्रकल्पाने आपल्याच पालघर जिल्ह्यातल्या गावांत टीव्हीच्या रिकाम्या लहरी वापरून प्रयोग केले आणि २०१७ मध्ये मोझिलाच्या ‘इक्वल रेटिंग’ स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळवलं. ते काम मोठ्या संस्थांचं. घरातलं जाळं मात्र तुमच्याकडे आजच आहे.

आणि सगळ्यात जास्त चीड येते ती याची, की हेच लोक काही वर्षांपूर्वी शेअरइट नाहीतर झेंडर वापरून बसमध्ये, लग्नाच्या मांडवात अख्खे सिनेमे एकमेकांना देत होते. तेव्हा कुणी विचारलं नाही, नेट कुठाय? एक मोबाइल स्वतःचं छोटं वाय-फाय तयार करायचा, दुसरा त्याला जोडला जायचा आणि फाइल सरळ जायची. केंद्र सरकारने २९ जून २०२० ला ५९ चिनी अ‍ॅपांवर बंदी घातली, त्यात ही दोन्ही गेली. बंदी त्या अ‍ॅपांवर होती, पद्धतीवर नाही. पण अ‍ॅप गेलं आणि त्याबरोबर आपण ती पद्धतही विसरलो.

याच गैरसमजाची दुसरी बाजू डेटाची आहे. “दोन लॅपटॉप हॉटस्पॉटला जोडून फाइल दिली आणि दिवसाचा डेटा संपला,” असं शपथेवर सांगणारे भेटतात. डेटा संपला हे खरं असतं, पण तो फाइलने खाल्लेला नसतो. लॅपटॉपला वाय-फाय मिळालं की विंडोज मागच्या मागे अपडेट उतरवायला घेतं, वनड्राइव्ह आणि गुगल फोटो आपापलं सामान वर चढवू लागतात. त्यांच्या दृष्टीने मोबाइलचा हॉटस्पॉट आणि घरचं फायबर यांत फरक नसतो. उपाय सोपा. बहुतेक अँड्रॉइड मोबाइलांवर मोबाइल डेटा बंद ठेवूनही हॉटस्पॉट चालू राहतो. तसं करून फाइल पाठवा, एक एमबीही जाणार नाही. डेटा चालूच ठेवायचा असेल तर विंडोजच्या वाय-फाय सेटिंगमध्ये त्या जोडणीला ‘मीटर्ड’ करा.

खरा खर्च आपण करतो तो फाइल व्हॉट्सअ‍ॅपने किंवा ईमेलने शेजारच्या टेबलावर पाठवतो तेव्हा. डहाणूरोडच्या फोटो स्टुडिओत लग्नाची ८ जीबीची फिल्म एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर न्यायची आहे असं धरा. गुगल ड्राइव्हवर चढवून परत उतरवली तर ८ जाताना आणि ८ येताना, एकूण १६ जीबी. रोजच्या २ जीबीच्या रिचार्जवर हा आठ दिवसांचा डेटा झाला. ४० एमबीपीएसच्या जोडणीवर दोन्ही खेपा मिळून साधारण पाऊण ते एक तास. तीच फिल्म साध्या राउटरच्या १०० एमबीपीएसच्या पोर्टांमधून केबलने अकरा-बारा मिनिटांत जाते, गिगाबिट पोर्ट असतील तर दीड-दोन मिनिटांत. वाय-फायवर वेळ जास्त लागतो, कारण दोन्ही यंत्रं वाय-फायवर असली की तीच फाइल हवेतून दोनदा जाते, एकदा राउटरपर्यंत आणि एकदा तिथून पुढे. ब्लूटूथचा नाद तर अशा फाइलीसाठी सोडाच. त्याचा प्रत्यक्ष वेग २ एमबीपीएसच्या आसपास असतो, म्हणजे जवळजवळ नऊ तास. पेनड्राइव्ह जुन्या फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर तो ४ जीबीहून मोठी फाइल घेतच नाही, आणि माणसं म्हणतात पेनड्राइव्ह खराब झाला.

या आकड्यांतच आणखी एक गोष्ट दिसते. तुमचा प्लॅन ४० चा असो की २०० चा, घरातल्या घरात फाइल जाण्याच्या वेगाशी त्याचा संबंध नाही. फाइल हळू जाते म्हणून महागडा प्लॅन घेणाऱ्याचे पैसे वाया जातात. त्याने वाय-फायऐवजी केबल लावावी.

दुसरा मोठा गैरसमज भीतीचा. “फोल्डर शेअर केला की सगळं जग बघतं.” नाही. वर सांगितलेल्या खासगी नंबरांमुळे बाहेरचा माणूस सरळ तुमच्या फोल्डरपर्यंत येऊ शकत नाही, तुम्ही राउटरमध्ये मुद्दाम वाट उघडून दिली नसेल तर. ती वाट कुणाच्याही सांगण्यावरून उघडू नका. पण घरातल्या धोक्याकडे दुर्लक्ष करायला सांगणारे व्हिडिओ पाहिले की मला राहवत नाही. “पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग बंद करा, एव्हरीवनला फुल कंट्रोल द्या, झालं काम.” असं केलं की तुमच्या वाय-फायचा पासवर्ड ज्याला ज्याला दिला, तो प्रत्येक जण तुमच्या फाइली बघू शकतो आणि पुसूही शकतो. सेवा केंद्रात तर लोकांचे आधार आणि बँक पासबुकं असतात.

हा सल्ला इतका का पसरला, त्याचं कारण साधं आहे. ज्या खात्याला पासवर्डच नाही, त्या खात्याला दुसऱ्या कॉम्प्युटरवरून आत येऊ द्यायचं नाही, हे विंडोजचं मूळ धोरण आहे आणि मायक्रोसॉफ्टच्या कागदपत्रांत ते स्पष्ट लिहिलेलं आहे. कॉम्प्युटर उघडायचा चार आकडी पिनही इथे चालत नाही, खात्याचा खरा पासवर्डच लागतो. हे माहीत नसलेला माणूस तीनदा पिन टाकतो, वैतागतो आणि कुलूपच काढून टाकतो. त्यापेक्षा शेअरिंगसाठी एक वेगळं खातं उघडा, त्याला पासवर्ड द्या, लागेल तेवढाच एक फोल्डर त्या खात्याला दाखवा. मग दुसऱ्या कॉम्प्युटरच्या फाइल एक्सप्लोररमध्ये वरच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा आणि पहिल्या कॉम्प्युटरचं नाव लिहा, विचारलं की ते खातं आणि पासवर्ड टाका. नावाने सापडला नाही तर नावाच्या जागी त्याचा १९२.१६८ वाला नंबर लिहा. विंडोज ११ प्रोच्या २४एच२ आवृत्तीत तर विनापासवर्ड पाहुणा म्हणून शिरणं मूळ सेटिंगमध्येच बंद आहे, त्यामुळे त्या व्हिडिओंचा उपाय तिथे चालतही नाही.

जुना कॉम्प्युटर सापडावा म्हणून ‘एसएमबी १’ ही फाइल शेअरिंगची जुनी पद्धत चालू करा, असंही कुणी सांगेल. करू नका. १२ मे २०१७ ला जगभर पसरलेला वॉनाक्राय हा खंडणीचा व्हायरस याच जुन्या पद्धतीतल्या भोकातून एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर गेला. मायक्रोसॉफ्टने त्यावरची दुरुस्ती १४ मार्चलाच दिली होती. ज्यांनी अपडेट केलं नव्हतं, ते सापडले.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

राउटर नसेल तर जमत नाही: जमतं. दोन कॉम्प्युटरांत साधी लॅन केबल लावली की ते १६९.२५४ ने सुरू होणारे नंबर आपसात ठरवून घेतात. आजच्या गिगाबिट पोर्टांना उलट जोडणीची खास केबलही लागत नाही.

एकीकडे विंडोज आणि दुसरीकडे लिनक्स असेल तर फाइल जात नाही: अँड्र्यू ट्रिजेल यांनी ऑस्ट्रेलियात १९९२ च्या सुमारास सुरू केलेलं सांबा हे मोफत सॉफ्टवेअर नेमकं यासाठीच आहे.

एकाच वाय-फायवर आहोत म्हणजे दिसलंच पाहिजे: ‘गेस्ट’ वाय-फायवर यंत्रं मुद्दाम एकमेकांपासून लपवलेली असतात. विंडोजमध्ये ती जोडणी ‘पब्लिक’ ठेवली असेल तरीही तुमचा कॉम्प्युटर दिसत नाही. घरी ‘प्रायव्हेट’ निवडा, स्टेशनवरच्या वाय-फायवर ‘पब्लिक’च राहू द्या.

लाइट गेली की संपलं: लॅपटॉपला बॅटरी असते आणि राउटरला साधारण १२ व्होल्टवर थोडीच वीज लागते. त्याच्यासाठी मिळणारा छोटा यूपीएस काही तास काम भागवतो.

चुकून पुसलं तर रिसायकल बिनमध्ये सापडेल: दुसऱ्या कॉम्प्युटरच्या शेअर केलेल्या फोल्डरमधून पुसलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही, सरळ जाते. म्हणून बघण्यापुरता फोल्डर द्यायचा तर ‘रीड’ एवढीच परवानगी द्या.

शेवटचा गैरसमज मात्र एका ओळीत सोडवत नाही. “दोन्ही कॉम्प्युटरवर आहे, म्हणजे बॅकअप झाला.” नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीत भूकंपाचे धक्के बसू लागले, तेव्हा धुंदलवाडी भागातली कुटुंबं घराबाहेर तंबूत झोपत होती. घर पडलं तर दोन्ही कॉम्प्युटर एकदमच जातात. पावसाळ्यात वीज पडली तर एकाच लॅन केबलने जोडलेली दोन्ही यंत्रं एकदम जळू शकतात. वॉनाक्रायसारखा व्हायरस तर शेअर केलेल्या फोल्डरपर्यंतही पोहोचतो. वारली चित्रांचे स्कॅन, बागेचे हिशेब, जमिनीचे कागद यांची एक प्रत यूएसबी डिस्कवर घ्या, काम झालं की ती डिस्क काढून दुसऱ्या घरी ठेवा, आणि महिन्यातून एकदा आणून तिच्यावर नवं चढवा. यालाही इंटरनेट लागत नाही.