कलपाच्या खोक्यावरची एक ओळ



घरात केसांच्या कलपाचं खोकं असेल तर जरा हातात घ्या. बारीक अक्षरांत एक सूचना सापडेल: आधी थोड्या त्वचेवर लावून पाहा, पापण्या व भुवयांना लावू नका, अंधत्व येऊ शकते. आठवीच्या वर्गात मी ही ओळ वाचून दाखवली, तेव्हा एक मुलगी पटकन म्हणाली, "बाई, आमची मावशी तर भुवयांनाच लावते!" म्हणून ही ओळ आली कुठून, ते मुलांना सांगायचं ठरवलं.

गोष्ट अमेरिकेतली. तिथे १९०६ साली अन्न आणि औषधांच्या शुद्धतेचा कायदा झाला, पण त्यात सौंदर्यप्रसाधनं नव्हतीच. १९३३ च्या सुमारास 'लॅश ल्युअर' नावाचा पापण्या रंगवायचा रंग बाजारात होता. त्यात पॅराफिनिलीनडायअमाइन हे रसायन होतं. त्या रंगाने काही स्त्रियांची दृष्टी गेली, एकीचा तर जीव गेला. सरकारी अधिकाऱ्यांना हे कळत होतं, पण माल जप्त करायला कायदाच नव्हता.

मग त्यांनी एक प्रदर्शन मांडलं. कायद्याच्या फटीतून सुटलेल्या वस्तू आणि त्यांनी इजा झालेल्या माणसांचे फोटो त्यात होते. वर्तमानपत्रांनी त्याला नाव दिलं 'भयाचं दालन'. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांनीही त्याची दखल घेतली. महिला संघटनांनी नव्या कायद्याची मागणी लावून धरली. उत्पादकांचा विरोध होता, त्यामुळे विधेयक पाच वर्षं रखडलं. १९३७ मध्ये एका विषारी औषधाने १०० हून अधिक माणसं दगावली, तेव्हा कुठे चक्रं हलली. २५ जून १९३८ रोजी कायद्यावर सही झाली आणि त्याखाली पहिली जप्ती झाली ती लॅश ल्युअरचीच.

पण इथे एक मेख आहे. केसांच्या कलपाला या कायद्यात सूट मिळाली. अट एवढीच, की खोक्यावर धोक्याची सूचना छापायची. म्हणजे ती ओळ ही एक तडजोड आहे: माल विकायची मोकळीक उत्पादकाला, सावध राहण्याची जबाबदारी आपल्यावर. आपण ओळ वाचलीच नाही, तर तडजोडीतला आपला वाटा वायाच गेला की!

आपल्याकडे १९४० च्या औषध कायद्यात सौंदर्यप्रसाधनं आली ती १९६२ च्या दुरुस्तीने. आता २०२० चे स्वतंत्र नियम आहेत आणि असं रसायन असलेल्या कलपावर ही सूचना आपल्याकडेही बंधनकारक आहे. अमेरिकेत मात्र धोकादायक प्रसाधन बाजारातून सक्तीने परत मागवायचा अधिकार सरकारला मिळाला तो थेट २०२२ मध्ये. कायदा एकदा करून भागत नाही, पुन्हा पुन्हा मागावा लागतो.

वर्गासाठी उपक्रम: मुलांना घरातली रिकामी खोकी आणायला सांगा. त्यावर उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर आणि वापराची मुदत शोधू द्या. सुट्या, बिनलेबलच्या क्रीमवर आणि झटपट रंगणाऱ्या 'काळ्या मेंदी'वर काय सापडतं, तेही पाहू द्या. त्या मेंदीत कित्येकदा हेच रसायन असतं. शंका आली तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार कशी लिहायची, हा पत्रलेखनाचा उत्तम विषय आहे.

आणि हो, त्या मुलीने घरी जाऊन मावशीला ती ओळ वाचून दाखवली.