बाँड खरा कोणाचा?

‘एकच प्याला’तील सुधाकर कोणाचा सरस, यावर रात्री जागवणाऱ्या आपल्या मंडळींना जेम्स बाँडचा वाद परका वाटू नये. १९६२ साली शॉन कॉनरी पडद्यावर आला, तो कादंबरीकार इयन फ्लेमिंगला आधी पसंत नव्हता. पण १९६४ च्या कादंबरीत त्यानेच बाँडला स्कॉटिश पिता बहाल केला! रॉजर मूरने सात चित्रपटांत बाँडला मिस्कील केले. टिमथी डाल्टनने १९८७ साली मूळचा करारी बाँड परत आणला, तेव्हा पुष्कळांना तो रुक्ष वाटला. २००६ साली डॅनियल क्रेगच्या तशाच करारीपणाला मात्र टाळ्या पडल्या! माझ्या मते डाल्टनवर अन्यायच झाला. नट कितीही तयारीचा असो, प्रेक्षकही तयार व्हावा लागतो.