अणुकेंद्रकाच्या आत कोण फिरते?

छत्रपती संभाजीनगरच्या शहागंजात घड्याळाच्या मनोऱ्याजवळ माझी खोली आहे. पदवी वाणिज्य शाखेची; भौतिकशास्त्र मी चाळिशीनंतर जुन्या पाठ्यपुस्तकांवरून शिकलो. तेव्हापासून एक प्रश्न सुटत नव्हता: सेकंदाच्या कोट्यंशाइतकेही जे जगत नाही, त्याचे चुंबकत्व मोजतात कसे?

ऊर्जा मिळालेले अणुकेंद्रक उत्तेजित होते आणि गॅमा किरण सोडून शांत होते. जड केंद्रकांच्या काही उत्तेजित अवस्था दहा-वीस ते शेकडो नॅनोसेकंद टिकतात. त्यांना आयसोमर म्हणतात. अशा अवस्थेला फिरकी असते, म्हणून ती एक चिमुकले चुंबकच असते. बाहेरून चुंबकीय क्षेत्र लावले की वेग मंदावलेल्या भोवऱ्यासारखा तिचा आस डोलू लागतो. डोलण्याच्या वेगावरून चुंबकत्वाचा ‘जी’ गुणक कळतो. गुणक १ आणि क्षेत्र १ टेस्ला असेल, तर सेकंदाला सुमारे ७६ लाख फेरे होतात.

त्वरकातून आयनांचे झोत तुटक तुटक सोडून लक्ष्यावर आदळवतात. तयार झालेल्या केंद्रकांचे आस एका प्रतलाकडे झुकलेले असतात, त्यामुळे गॅमा किरण सर्व दिशांना सारखे जात नाहीत. आस डोलला की किरणांचा आकृतिबंधही फिरतो आणि एका जागी ठेवलेल्या डिटेक्टरमधील मोजणी लाटांसारखी कमीजास्त होते. मुंबईत कुलाब्याला, टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारात १९८८ पासून चालणाऱ्या पेलेट्रॉन त्वरकावर असे प्रयोग झाले आहेत.

एका छापील आलेखातील दोन लाटांमधले अंतर मोजून मी गुणक काढला, तर तो नेमका दुप्पट आला. तीन महिने मी आकडेमोड तपासत होतो. चूक आकडेमोडीत नव्हतीच. समजा, आमच्या मनोऱ्याला पुढे आणि मागे अशी दोनच घड्याळे असती आणि तो स्वतःभोवती फिरू लागला असता, तर एका फेरीत मला घड्याळ दोनदा दिसले असते. गॅमा किरणांचा आकृतिबंधही पुढून-मागून सारखाच असतो. लाटा दोन, फेरी एक!

पिकोसेकंदांत संपणाऱ्या अवस्थांना एवढी सवड नसते. ती केंद्रके चुंबकित लोखंडाच्या किंवा गॅडोलिनियमच्या पातळ पत्र्यातून धावताना हजारो टेस्लांचे क्षणिक क्षेत्र अनुभवतात. तेवढ्यात होणारे बारीकसे वळण मोजावे लागते.

एवढा खटाटोप कशासाठी? कक्षेत फिरणाऱ्या प्रोटॉनचा गुणक १ आणि विद्युतभार नसलेल्या न्यूट्रॉनचा ० धरतात. त्यामुळे मोजलेल्या गुणकावरून आत मुख्यतः कोण फिरत आहे, ते ओळखता येते. पण १९७० मध्ये तोशिमित्सु यामाझाकी व सहकाऱ्यांना पोलोनियम-२१० च्या आयसोमरवरून प्रोटॉनचा हा गुणक १ नव्हे, सुमारे १.१ आढळला. प्रोटॉन-न्यूट्रॉनांमध्ये देवाणघेवाण होणारे पायॉनही विद्युतभार वाहतात. जास्तीचा वाटा त्यांचा. हिरोनारी मियाझावा यांनी १९५१ मध्येच तसे भाकीत केले होते.

केंद्रकाला बांधून ठेवणाऱ्या बलाची खूण त्या दहा टक्क्यांत होती. माझी चूक शंभर टक्क्यांची होती. ती सुधारली, तेव्हा कुठे हे दहा टक्के मला दिसू शकले.