आपल्याच घरातली चोरी

वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी माझ्यावर चोरीचा आळ आला. आळ घेणारा कोण, हे मला अजूनही ठाऊक नाही. ज्याचा माल चोरीस गेला तो गृहस्थ मात्र माझ्या चांगल्या परिचयाचा आहे. तो म्हणजे मीच!

वाचकहो, हसू नका. हकीगत अगदी खरी आहे.

मी कोल्हापूरचा. पस्तीस वर्षे इथल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवले आणि रिकामा वेळ गुऱ्हाळांत घालवला. शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरीची पेठ वसवली, तेव्हापासून कोल्हापूर आणि गूळ हे दोन शब्द जोडीनेच उच्चारले जातात. अशा गावात राहून गुळाचे रसायन अभ्यासले नाही, तर मग रसायन शिकून उपयोग काय? उसाचा रस आंबटसर असतो, चुन्याच्या निवळीने ती आम्लता कमी करतात, भेंडीच्या चिकाने मळी कशी वर येते, पाक ११८ अंशांच्या आसपास का उतरवायचा, या साऱ्यावर मी चार निबंध लिहिले आणि १९८८ साली एक लहानसे पुस्तकही काढले. पुस्तकाची आवृत्ती संपायला बारा वर्षे लागली. पुढे ते रद्दीच्या दुकानातही मिळेनासे झाले.

गेल्या दिवाळीत फराळ आटोपल्यावर माझी नात मोबाइलवर बोट फिरवत बसली होती. सहज म्हणालो, “बघ गं, तुझ्या त्या विकिपीडियात भेंडीच्या चिकाविषयी काय लिहिलंय?” तिने शोधले. मला हवे तसे काही सापडले नाही.

“मग तुम्हीच लिहा की, आजोबा. तिथं कुणालाही लिहिता येतं.”

कुणालाही लिहिता येते! माझ्या पिढीला हे वाक्य पचायला जरा जड जाते. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस खंड पुरे केले, तेव्हा त्यासाठी मंडळी काढून भागभांडवल उभारले होते. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी वाईत बसून मराठी विश्वकोशाचा संसार मांडला आणि पहिला खंड निघायला १९७६ साल उजाडले. आणि इथे म्हणे, २००१ साली अमेरिकेत सुरू झालेल्या आणि २००३ पासून मराठीतही चालणाऱ्या या कोशात पेन्शनीत निघालेल्या मास्तराने चहा पिता पिता लिहावे!

मी लिहिले. खरे सांगायचे तर लिहिले नाही, उतरवले. माझ्याच पुस्तकातले तिसरे प्रकरण तीन बैठकींत जसेच्या तसे टंकून काढले. सोबत पुस्तकातले काहिलीचे आणि चुलवणाचे चित्र दिले. खाली आधार म्हणून माझेच चारही निबंध नोंदवले. शेवटी हात आणखी थोडा सैल सुटला. माझा भाचा करवीर तालुक्यात गुऱ्हाळ चालवतो. त्याच्या गुळाचे नाव घालून, ‘भेंडीच्या चिकाने शुद्ध केलेला हा गूळ सर्वोत्तम मानला जातो,’ असे एक वाक्य लिहून टाकले. कोण मानतो? मी मानतो, भाचा मानतो आणि भाच्याची आई, म्हणजे माझी बहीण मानते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो सारे गायब! माझ्या नावाच्या चर्चेच्या पानावर कुणा स्वयंसेवकाने अदबीने लिहिले होते, की मजकूर एका छापील पुस्तकाशी शब्दशः जुळतो, सबब प्रताधिकाराचा भंग होत असल्याने काढला आहे. संदर्भ एकाच लेखकाचे आहेत आणि एका मालाची जाहिरातही दिसते.

माझा पारा चढला. “अरे, पुस्तक माझं, प्रकरण माझं, अक्षर न् अक्षर माझं! मी माझ्याच घरात चोरी केली होय?”

सौ. स्वयंपाकघरातून म्हणाली, “आधी घर कुणाच्या नावावर आहे ते बघा.”

त्या माउलीने कायद्याचे पुस्तक कधी उघडलेले नाही, पण वर्मावर बोट नेमके तिनेच ठेवले. माळ्यावरची ट्रंक उतरवली. तीत प्रकाशकाबरोबरचा करारनामा निघाला. ‘सदर पुस्तकाचे सर्व हक्क प्रताधिकाराच्या संपूर्ण मुदतीपर्यंत प्रकाशकाकडे राहतील,’ आणि खाली माझी झोकदार सही! पुस्तक निघण्याच्या आनंदात मी तो कागद वाचलाही नव्हता. घर मी बांधले खरे, पण विकूनही मीच मोकळा झालो होतो.

मग मी हट्टाला पेटून कायदा वाचला. आपला प्रताधिकार कायदा १९५७ चा. त्याअन्वये लिहिणाऱ्याचा हक्क लिहिताक्षणीच जन्माला येतो, नोंदणी करावी लागत नाही. तो लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. मुदत संपली की लेखन सर्वांचे होते. केतकर १९३७ साली वारले, त्यांच्या स्वतःच्या लेखनावरचा हक्क केव्हाच संपला. ते कोणीही घ्यावे, त्यांचे नाव सांगावे आणि खुशाल छापावे. पण जे वाचायला फुकट ते उचलायलाही फुकट, असा मात्र याचा अर्थ नव्हे. विकिपीडियाची तर आणखी एक अट आहे. तिथे दिलेला मजकूर जगातल्या कोणालाही, श्रेय देऊन आणि त्याच अटी पाळून, विकायच्या पुस्तकातसुद्धा वापरता येतो. जी वस्तू आपली नाही ती इतकी उदारपणे कशी वाटायची? हलवायाच्या दुकानात उभे राहून काकाचे श्राद्ध घालण्यातलाच तो प्रकार.

“पण मग गुळाविषयी लिहायचंच नाही की काय?” मी विचारले.

“लिहायचं की! माहिती कुणाच्या मालकीची नसते, आजोबा. शब्द असतात,” नात म्हणाली.

पोरीचे म्हणणे सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाशी जुळते. आर. जी. आनंद नावाच्या नाटककारांनी, आपल्या ‘हम हिंदुस्थानी’ नाटकावरून ‘न्यू दिल्ली’ हा चित्रपट उचलला, अशी फिर्याद केली होती. १९७८ साली न्यायालयाने सांगितले, की कल्पनेवर वा विषयावर कोणाचा प्रताधिकार नसतो, तो असतो मांडणीवर. पाक ११८ अंशांच्या आसपास उतरवतात ही गोष्ट ना माझी ना प्रकाशकाची. ती सांगणारी १९८८ ची वाक्ये तेवढी त्याची. नवी वाक्ये लिहायला मला कोण अडवणार होते? एक माझा आळस सोडून!

उरले चित्र. आणि इथे मात्र माझा सूर उतरला.

ते चित्र माझे नव्हतेच. माझा एक विद्यार्थी होता, पन्हाळ्याकडच्या एका गुळव्याचा मुलगा. हात असा, की उभ्या उभ्या काहील काढावी आणि तिच्यातून वाफ निघावी. पुस्तकासाठी त्याने अकरा चित्रे काढून दिली, एक पैसाही न घेता. आणि मी? प्रस्तावनेत ‘ज्यांनी ज्यांनी साहाय्य केले त्या सर्वांचे आभार’ इतक्यावर त्याला वाटेला लावले. मोबदला नाही, कागद नाही. तेव्हा कायद्याने त्या चित्रांचा धनी तोच. मी त्याच्या हक्कावर सही केली नव्हती आणि प्रकाशकालाही ती करता आली नव्हती. इतकी वर्षे मी ते चित्र ‘माझ्या पुस्तकातले’ म्हणून मिरवले, त्या स्वयंसेवकाला याचा पत्ताही नव्हता. आळ आला होता तो माझ्या मजकुरावर. खरी चोरी होती ती इथे.

तो विद्यार्थी सहा वर्षांपूर्वी वारला होता. मी बसने त्याच्या गावी गेलो. त्याची बायको अंगणात जोंधळा पाखडत होती. मी आपले प्रताधिकार, वारस, परवानगी असले शब्द वापरत राहिलो. तिने सारे ऐकून घेतले आणि विचारले,

“मास्तर, तितं ह्यांचं नाव असंल न्हवं?”

“असेल. चित्राखालीच असेल.”

“मग घाला की. म्या कशाला न्हाई म्हनू? पुस्तकात लई शोधलं हुतं त्यांनी, नाव हाय का म्हनून.”

यावर मला काही बोलता आले नाही. छत्तीस वर्षांनी परवानगी मागायला आलेल्या मास्तराला त्या बाईने चहा दिला, तोही गुळाचा. तिने आणि मुलाने कागदावर सह्या केल्या. हे चित्र कोणालाही, धंद्यासाठीसुद्धा वापरता येईल, हे मी दोनदा समजावून सांगितले. मुलाने आपल्या ईमेलवरून संमतीचे पत्र धाडले. अशी पत्रे तपासून त्यांची नोंद ठेवणारे स्वयंसेवक तिथे असतात.

आता राहिले हितसंबंधाचे. आपल्याच निबंधांचा आधार देणे तिथे अगदी निषिद्ध नाही. ते विषयाला धरून असावेत आणि प्रमाणात असावेत, एवढेच. माझ्या चारांत प्रमाण कुठले? भेंडीऐवजी इतर वनस्पतींवर काम करणाऱ्या मंडळींचा मी नामोल्लेखही केला नव्हता. का केला नव्हता? जागा नव्हती म्हणून नव्हे, मन नव्हते म्हणून. वर्गात ‘प्रयोगाचे निरीक्षण निःपक्षपातीपणे करा’ असे पस्तीस वर्षे सांगणारा मी, स्वतःच्या बाबतीत वजनकाट्यावर अंगठा ठेवून बसलो होतो!

या मोहातून मोठमोठेही सुटलेले नाहीत. विकिपीडियाचे एक संस्थापक जिमी वेल्स यांनी आपल्याच चरित्राच्या लेखात फेरफार केल्याचे २००५ साली उघडकीस आले आणि त्यांना खेद व्यक्त करावा लागला. या कोशाची एक गोष्ट मात्र मला आवडली. तिथे प्रत्येक बदलाचा इतिहास राहतो. कोणी, केव्हा, कोणते अक्षर बदलले, हे कोणालाही पाहता येते. २०१४ पासून तर पैसे घेऊन लिहिणाऱ्याने ते उघड सांगितलेच पाहिजे, असा नियम आहे. माझ्यासारख्या बिनपगारी मामालाही तोच मार्ग बरा.

मी लेख नव्याने लिहिला. वाक्ये नवी, आधार सात, त्यांतला माझा एकच. भेंडीच्या चिकाच्या मर्यादाही लिहिल्या. चर्चेच्या पानावर निवेदन दिले, की या विषयावर माझे स्वतःचे संशोधन प्रसिद्ध आहे आणि माझ्या भाच्याचे गुऱ्हाळ आहे, तरी जाणकारांनी लेख तपासावा. लिहिताना हात थोडा थरथरला. वाटले, आता आपल्यावर कोण विश्वास ठेवणार? झाले उलटेच. त्याच स्वयंसेवकाने दोन दुरुस्त्या सुचवल्या, एक शुद्धलेखनाची चूक काढली आणि आभार मानले. लेख टिकला.

लेखाच्या खाली माझे नाव नाही. विश्वकोशात नोंदीच्या शेवटी लेखकाचे नाव असते, इथे ते इतिहासाच्या पानात दडलेले. आधी जरा चुटपुट लागली. पण चित्राखाली माझ्या विद्यार्थ्याचे नाव ठळक आहे. त्याच्या बायकोने गावातल्या शाळेत जाऊन ते मोठ्या पडद्यावर पाहिले, असे मुलाने फोनवर सांगितले. त्या दिवसापासून माझी चुटपुट नाहीशी झाली.

भाचा मात्र रुसला. “मामा, एक वाक्य ठेवलं असतं तर काय बिघडलं असतं?” दर दिवाळीला त्याच्याकडून गुळाचा रवा भेट म्हणून येतो. या खेपेस तो आला बिलासकट. मी लगेच पैसे चुकते केले. गूळ उत्तम आहे, असे माझे मत आहे. पण मी पडलो त्याचा मामा; तेव्हा वाचकांनी ते दुसऱ्या कोणाकडून तपासून घ्यावे.